सुरीच्या मुठीवरचा चिकटा कसा काढावा? (काळी टेप, लाकडी मूठ)

मीठमोहरी | शनिवार, रात्री 9:40

नमस्कार मंडळी,

आईने सांगलीचं घर आवरायला काढलं तेव्हा तिची भाजीची सुरी मी मागून घेतली. लाकडी मूठ, साधं पोलादी पातं. ओलं राहिलं की गंजतं, पण धार अशी की पिकलेला टोमॅटो न दाबता कापावा. मुठीला काळी इन्शुलेशन टेप गुंडाळलेली होती. मला कळायला लागल्यापासून ती तशीच आहे, मधे कधीतरी बाबांनी वरून आणखी एक थर चढवला होता. काल हौसेने सगळी सोलली आणि फसले. खाली डांबरासारखा चिकटा. सुरी ओट्यावर ठेवायला जावं तर ती हात सोडत नाही.

आतापर्यंतचे उपद्व्याप: गरम पाणी आणि भांडी घासायचा साबण (ढिम्म फरक नाही), हिरवी घासणी (तिचेच तंतू चिकट्यात रुतले, आता मूठ हिरवी-काळी), दुसऱ्या सुरीने खरवडणे (अंगठा कापला, थोडक्यात निभावलं).

घरात नेलपॉलिश रिमूव्हर आहे, थिनर आणता येईल. पण ही सुरी पुन्हा भाजीलाच वापरायची आहे. काय करू?

पुणेरी_पाटी | 9:52

नवी सुरी घ्या. साठ रुपये. प्रश्न संपला, धागाही संपला.

मीठमोहरी | 9:58

साठ रुपयांच्या तीन घेऊन झाल्या. तिन्ही सध्या दुधाच्या पिशव्या फोडायच्या कामावर आहेत.

नारळीपाक | 10:15

खोबरेल! आमच्याकडे फणस फोडताना हाताला, कोयत्याला आधी तेल लावतात ते उगाच नाही. चीक तेलाला वश होतो, पाण्याला नाही. जुन्या सुती फडक्याला खोबरेल लावा, मुठीभोवती गुंडाळा, अर्धा तास विसरून जा. मग कोरड्या फडक्याने पुसा. पहिल्या फेरीत निम्मा जातो, दुसऱ्या फेरीत बाकीचा. शेवटी खायचा सोडा आणि तेल कालवून त्याच्या लगद्याने चोळा, सोडा घासणीसारखं काम करतो पण लाकडाला ओरखडे पाडत नाही. मग साबणाने धुवा.

गोदाकाठ | 10:21

+1. खोबरेल नसेल तर घरात असेल ते तेल चालेल की.

रसायनवाला | 10:48

गोदाकाठ, घरात असेल ते सगळंच चालत नाही. करडई आणि सूर्यफुलाचं तेल नको. ही तेलं पातळ थरात हवेला उघडी राहिली की हळूहळू घट्ट आणि चिकट होतात. फोडणीच्या डब्यांवर, गॅसच्या मागच्या फरशीवर बसणारा पिवळा चिकट थर तोच. करडईचं तेल तर याच गुणामुळे चित्रकारांच्या रंगातसुद्धा वापरतात. एक चिकटा काढून दुसरा लावायचा उद्योग होईल. खोबरेल जवळजवळ वाळतच नाही, शेंगतेलही त्या मानाने बरं.

आता मुळात हा चिकटा काय आहे ते. इन्शुलेशन टेपची पट्टी पीव्हीसीची असते. पीव्हीसी मुळात कडक, ते लवचीक व्हावं म्हणून त्यात तेलासारखा एक पदार्थ मिसळलेला असतो. तो वर्षानुवर्षं पट्टीतून खालच्या डिंकात झिरपतो आणि डिंक मऊ पडत पडत डांबर होतो. डिंक रबराच्या जातीचा असल्याने पाणी आणि साबण त्याच्या वाटेला जात नाहीत. गरम पाण्याने तो फक्त आणखी पसरतो. किमतीच्या स्टिकरचा डिंक निराळा, बहुतेक वेळा ॲक्रिलिकचा. तो हेअर ड्रायरच्या उबेने मऊ होऊन सालपटासारखा सुटतो, आणि स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावला की राहिलेला पुसला जातो. दोन्हींना एकच औषध नाही.

परदेशी_पाव | 11:05

इथे न्यू जर्सीत आम्ही यासाठी एक बाटली आणतो. नाव वाचून हसू नका: 'गू गॉन'. संत्र्याच्या सालीचं तेल आणि पेट्रोलियमचा अर्क असं मिश्रण. आई इथे आली होती तेव्हा सिंकखालची बाटली वाचून दोन मिनिटं स्तब्ध उभी होती. चिकटा मात्र झटक्यात जातो. नंतर साबणाने नीट धुवावं लागतं, नाहीतर कांदासुद्धा संत्र्यासारखा लागतो.

पुणेरी_पाटी | 11:09

अमेरिकेने अखेर मराठीची दखल घेतली.

मीठमोहरी | 11:12

हाहाहा. आमच्याकडे निलगिरी तेलाची छोटी बाटली आहे, सर्दीची. ती चालेल?

रसायनवाला | 11:20

उत्तम चालेल, त्याच पंगतीतलं आहे. कापसाच्या बोळ्यावर चार थेंब. खिडकी उघडी ठेवा, वास दणकट असतो. आणि शेगडी बंद. निलगिरी तेलही पेट घेतं, हे लोकांच्या लक्षात नसतं.

लाकूडतोड्या | रविवार, सकाळी 7:30

थांबा, थांबा. तेलाच्या आधी दोन गोष्टी.

पहिली, पातं. अंगठा कापून झाल्यावर सांगतोय, पण सांगतो. मूठ साफ करताना आपलं सगळं लक्ष मुठीवर असतं आणि धार मोकळी. हात तेलकट, सुरी निसरडी. हे काम सुरू करण्याआधी पातं झाका. टूथपेस्टचा रिकामा खोका घ्या, चपटा करा, पातं त्यात सरकवा, वरून रबर बँड. टेप नका लावू, नाहीतर पुढच्या आठवड्यात 'पात्यावरचा चिकटा' असा धागा निघेल. मग तो खोका पाटावर एका हाताने दाबून धरा, मूठ पाटाच्या कडेबाहेर. पुसताना फडकं नेहमी पात्याकडून मुठीच्या टोकाकडे न्यायचं. उलट कधीच नाही. पात्याकडे निसटलेला हात धारेवरच जातो. खरवडायचं असेल तर बाद झालेलं एटीएम कार्ड वापरा, दुसरी सुरी नको.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मुठीवर टेप का होती? आपल्या घरांत टेप शोभेसाठी कुणी लावत नाही. एक तर मूठ चिरलेली असते, नाहीतर रिव्हेट सैल झालेलं असतं. चीर असेल तर तेल लावूच नका! लाकूड ते पिऊन टाकेल, आणि मग त्या चिरेत अराल्डाईट भरलं तरी ते धरणार नाही. तेलकट लाकडावर कुठलाच डिंक बसत नाही. आधी चिकट्याखाली काय आहे ते शोधा.

मीठमोहरी | 8:05

लाकूडतोड्या, तुम्ही रात्री का नाही लिहिलंत? मी खोबरेलाची एक फेरी मारून बसलेय. निम्मी मूठ साफ झाली, लाकूड गडद आहे, शिसवाचं असावं. एका बाजूला रिव्हेटपासून टोकापर्यंत एक रेघ दिसतेय. मला वाटलं लाकडाचीच रेघ आहे.

लाकूडतोड्या | 8:09

नखाने चाचपून बघा. नख अडकलं तर चीर.

मीठमोहरी | 8:11

अडकलं.

पुणेरी_पाटी | 8:14

साठ रुपये.

गावरान_ठेचा | 8:40

काय राव, लावा थिनर आणि मोकळं व्हा की. एवढी चर्चा तर ग्रामसभेत होत नाही.

बरं, माझंच सांगतो. दोन वर्षांमागं एका सुरीचं स्टिकर काढायला मी थिनर लावलं होतं. प्लास्टिकची काळी मूठ. चिकटा गेला, ते खरं. पण मूठ पण मऊ झाली, आणि मी ती घट्ट धरून होतो. आता माझ्या अंगठ्याचा ठसा त्या मुठीत कायमचा आहे. आधारला लागला तर तोच देणार.

रसायनवाला | 9:02

तुमची मूठ एबीएसची असणार. थिनर किंवा ॲसिटोन (नेलपॉलिश रिमूव्हर म्हणजे बहुधा तेच) लागलं की एबीएस, ॲक्रिलिक, पॉलिस्टायरिन, पॉलिकार्बोनेट ही प्लास्टिकं विरघळतात किंवा तडकतात. 'ॲसिटोन नाही' असं लिहिलेल्या रिमूव्हरमध्ये बऱ्याचदा इथाइल ॲसिटेट असतं, तेही एबीएसला सोडत नाही. पॉलिप्रोपिलीनला मात्र यातल्या कशानेही फारसं काही होत नाही. गोची अशी की नुसतं बघून मूठ कोणत्या प्लास्टिकची ते कळत नाही. म्हणून मुठीच्या मागच्या टोकाला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, कापसाने ठिपकाभर लावून पाच मिनिटं थांबायचं. कापसाला मुठीचा रंग आला किंवा जागा बुळबुळीत लागली, की ते औषध त्या मुठीचं नाही.

लाकडावर ॲसिटोन चालतं, पण पॉलिश घेऊन जातं. स्पिरिटचंही तेच, जुनं लाखेचं पॉलिश असेल तर ते स्पिरिटातच विरघळतं. इथे टेपखाली पॉलिश उरलंच नसेल, त्यामुळे ती काळजी नाही.

नारळीपाक | 9:15

आमचे आजोबा रॉकेल वापरायचे. चिंधी, रॉकेल, काम फत्ते.

लाकूडतोड्या | 9:21

रॉकेलने निघतं, प्रश्नच नाही. पण लाकडात वास मुरतो आणि महिनाभर काकडीला रॉकेल लागतं. शिवाय आता रॉकेल मिळतंय कुठे? पेट्रोल मात्र कुणी चुकूनही सुचवू नका. त्याची वाफ खोलीतल्या साध्या तापमानालाच पेट घेते, जमिनीलगत पसरते आणि शेजारच्या खोलीतल्या देवघराच्या निरांजनापर्यंत पोचते. स्वयंपाकघरात पेट्रोलची बाटली उघडणारा माणूस मी पाहिलाय. पुढचं लिहीत नाही.

गोदाकाठ | 10:30

अवांतर: माझ्या सुरीवर ना टेप होती ना स्टिकर. काळी, मऊ, रबरासारखी मूठ. पाच-सहा वर्षांत आपोआप चिकट झाली. कितीही धुतली तरी पुन्हा तेच. बायको म्हणते मी हात न धुता वापरतो.

रसायनवाला | 10:51

वहिनींची क्षमा मागून सांगतो, तुमचा दोष नाही. तो चिकटा बाहेरून आलेलाच नाही, मूठच विरघळतेय. कडक प्लास्टिकवर 'मऊ स्पर्शाचा' एक पातळ लेप दिलेला असतो, बऱ्याचदा पॉलियुरेथेनचा. हवेतली आर्द्रता त्याची साखळी हळूहळू तोडते आणि लेप गोंदासारखा होतो. जुनी दुर्बीण, टॉर्च, छत्रीची मूठ, कीबोर्ड, सगळ्यांना हाच रोग. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात, बंद ड्रॉवरमध्ये, जास्त.

त्यावर तेल लावू नका, आणखी लिबलिबीत होईल. स्पिरिट किंवा सॅनिटायझर फडक्यावर घ्या आणि चोळत राहा. सगळा लेप काळ्या मळासारखा निघून येतो आणि खाली कडक प्लास्टिक लागतं. तिथे थांबायचं. दिसायला उघडीबोडकी, पण वापरायला झकास. मात्र मूठ आतपर्यंत रबराचीच असेल तर कितीही चोळा, खालून चिकटच येत राहील. मग ती टाकायचीच.

गोदाकाठ | 11:40

करोनातले सॅनिटायझर अजून अर्धा डझन पडून होते. एक संपवला. खाली खरंच कडक प्लास्टिक निघालं! बायकोला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. ती म्हणते, तरी हात धुवत जा.

जपानी_पंखा | 12:10

थोडं वेगळं. माझ्याकडे जपानी सुरी आहे, होनोकी लाकडाची मूठ, पॉलिश अजिबात नाही. दुकानाचं स्टिकर नेमकं मुठीवर. तेल लावू का?

लाकूडतोड्या | 12:25

नको! कच्चं फिकट लाकूड, तेलाचा डाग कायमचा पडेल. ड्रायरची ऊब देऊन स्टिकर कोपऱ्यातून हळू सोला. उरलेल्यावर पांढरा खोडरबर घासा, चिकटा गोळ्या होऊन निघतो. तरी राहिलाच तर 400 नंबरचा पॉलिश पेपर, लाकडाच्या रेषेच्या दिशेने, दोन हात.

मीठमोहरी | दुपारी 3:30

माझ्या सुरीची प्रगती. पातं टूथपेस्टच्या खोक्यात (आत अजून पुदिन्याचा वास आहे, पातं घरात सगळ्यात ताजंतवानं). तेलाची फेरी थांबवली. उरलेला चिकटा निलगिरी आणि एटीएम कार्डाने काढला, कार्ड टोकाला थोडं विरघळल्यासारखं झालंय, रसायनवाल्यांना ते का ते माहीत असेल. घासणीचे तंतूही निघाले. मूठ स्वच्छ.

पण चिरेत अजून काळं काहीतरी भरलेलं आहे. टूथपिकने काढलं तर मऊ, आणि वास... सांगत नाही. शिवाय चिरेच्या एका टोकाला काचेसारखा कडक पारदर्शक ठिपका आहे, तो कशानेच हलत नाही.

लाकूडतोड्या | 3:48

ठिपका म्हणजे तुमच्या वडिलांचा पहिला प्रयत्न, फेविक्विक. ते चिरलं म्हणून मग टेप आली. सगळा इतिहास मुठीवर लिहिलेला असतो.

चिरेतलं काळं म्हणजे वर्षानुवर्षांचं भाजीचं पाणी. चीर टेपने झाकली तरी ओल आत जातच होती, फक्त बाहेर यायला वाट नव्हती. आता चिकटा विसरा, खरं काम ही चीर आहे.

रसायनवाला | 4:05

कार्ड पीव्हीसीचं असतं, निलगिरीने मऊ पडलं.

फेविक्विक ॲसिटोनने सुटतं, पण सावकाश. बोळा ठेवून दहा-पंधरा मिनिटं, मग कार्डाने उचला. हे वाळलेल्या फेविक्विकबद्दल. ओलं फेविक्विक सांडलं तर कापसाने किंवा सुती फडक्याने कधीच पुसू नका. सुताला लागलं की ते झटक्यात घट्ट होतं आणि एवढं तापतं की हात भाजतो, धूरसुद्धा येतो. ठिपका अराल्डाईटचा निघाला तर ॲसिटोन त्याला फारसं काही करणार नाही, मग पॉलिश पेपरच.

नारळीपाक | 4:20

माझ्या खोबरेलाने घोळ केला म्हणायचा. सॉरी गं.

मीठमोहरी | 4:24

अगं, तेल नसतं लावलं तर ती चीर दिसलीच नसती.

लाकूडतोड्या | 5:10

तेल फार आत गेलं नसेल तर अजून उपाय आहे. चीर टूथपिक आणि जुन्या टूथब्रशने कोरून घ्या. मग स्पिरिटाने तीन-चार वेळा पुसा, दर वेळी नवा बोळा. बोळा पिवळट येतोय तोवर तेल आहे. त्यानंतर मूठ दोन-तीन दिवस सावलीत वाळू द्या, उन्हात नको, चीर आणखी फाकेल. मग पातळ अराल्डाईट चिरेत उतरवायचं, दोऱ्याने आवळून बांधायचं, रात्रभर ठेवायचं. पात्याला या सगळ्या दिवसांत तेलाचा हात फिरवून ठेवा, नाहीतर इकडे मूठ बरी होईल आणि तिकडे पातं गंजेल.

बाजारात लाकडाला लावायला जवसाचं तेल मिळतं, ते शेवटी लावलंत तर एकच सांगणं. ते पुसलेले बोळे गोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं, चिंध्यांचा ढीग आपोआप पेटू शकतो. पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून मग टाका.

पण खरं विचाराल तर, चीर रिव्हेटपासून निघून टोकापर्यंत गेली असेल तर मी भरत बसणार नाही. दुधी कापताना जोर लावला आणि मूठ उकलली तर हात थेट पात्यावर. जुने रिव्हेट काढून दोन नव्या फळ्या बसवणं हे सुताराचं तासाभराचं काम आहे.

पुणेरी_पाटी | 5:22

सुतार मिळेपर्यंत साठ रुपयांची सुरी वापरा. (आता तरी घेतलीत का?)

मीठमोहरी | मंगळवार, रात्री 9:15

शेवटचं. स्पिरिटाच्या पाच फेऱ्या मारल्या. पाचवा बोळा स्वच्छ आला, पण तेवढ्यात मागच्या बाजूलाही एक बारीक चीर सापडली, म्हणजे मूठ आरपार गेलीय. भरायचा विचार सोडला. कोपऱ्यावरच्या सुतारकाकांकडे नेली. त्यांनी सुरी हातात घेतली, उलटीपालटी केली, पात्यावर नख फिरवलं आणि म्हणाले, "पातं कुठं मिळणार नाही असं. मूठ काय, उद्या देतो." शिसवाचा एक तुकडा होता त्यांच्याकडे, पितळी रिव्हेट मारणार आहेत. जुन्या मुठीचे तुकडे परत मागून घेतले, का ते माहीत नाही.

आईला साफ केलेल्या मुठीचा फोटो पाठवला होता. दोन्ही चिरा स्पष्ट दिसतील असा, नीट उजेडात काढलेला. तिचं उत्तर आत्ता आलं:

"टेप कुठे गेली?"